‘घराण्यातच असेल’ म्हणून हात झटकणाऱ्यांसाठी

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरी पाठीवर पंप घेऊन फवारणी होते, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरी होत नाही, त्यांनी तर नक्की वाचा, कारण आपल्या ताटातलं त्याच शेतातून येतं.

गावात कुणाचा हात थरथरायला लागला, चाल मंदावली, चेहरा दगडासारखा झाला, की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं : “घराण्यातच असेल त्यांच्या.” आणि या आजाराचा फवारणीशी संबंध असू शकतो असं कुणी म्हणालं, की दुसरं : “आम्ही पण तीस वर्षं फवारतोय, आम्हाला काय झालं?”

ही दोन वाक्यं चहाच्या टपरीपुरती राहिली असती तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. पण हीच वाक्यं जरा इस्त्री करून कंपन्यांचे वकील कोर्टात बोलतात आणि सरकारी फायलींत तज्ज्ञ लिहितात. त्यातून निर्णय टळतात. म्हणून या दोन्ही वाक्यांचा एकदा नीट हिशेब करू.

कंपवात, म्हणजे डॉक्टर ज्याला पार्किन्सन्स म्हणतात, तो काय आहे? मेंदूच्या खोल भागात डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात. हालचालींवरचा ताबा त्यांच्यावर अवलंबून असतो. या पेशी हळूहळू मरतात. त्यातला मोठा हिस्सा मेल्यानंतर कुठे पहिलं थरथरणं दिसतं. म्हणजे आज साठाव्या वर्षी दिसणाऱ्या आजाराची सुरुवात दहा-वीस वर्षं आधी झालेली असू शकते. गेलेल्या पेशी परत आणणारं औषध आजही नाही. गोळ्यांनी हालचाल सोपी होते, आजार थांबत नाही.

आता ‘घराण्यात असेल’ या वाक्याकडे येऊ. ते पूर्ण खोटं नाही. इटलीतल्या कॉन्तुर्सी नावाच्या गावातून आलेल्या एका मोठ्या कुटुंबात हा आजार पिढ्यान् पिढ्या दिसत होता. त्यांच्यात अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या जनुकात बदल असल्याचं १९९७ साली सापडलं. त्यानंतर आणखी जनुकं सापडली. २००४ मध्ये एलआरआरके-२ नावाचं जनुक पुढे आलं. पण गंमत बघा, या जनुकातला बदल अंगात असूनही अनेक माणसं म्हातारी होऊन मरतात, कंपवात होत नाही. आणि दुसऱ्या बाजूला, कंपवाताच्या बहुतेक रुग्णांत असा एकच एक जनुकदोष सापडतच नाही.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांमधल्या जुळ्या भावांचा मोठा अभ्यास झाला. सुमारे वीस हजार माणसं. निष्कर्ष १९९९ मध्ये छापून आले. तर्क साधा होता : आजार जनुकांचाच असेल, तर एका जुळ्याला झाल्यावर हुबेहूब जुळ्या भावालाही तो जास्त वेळा व्हायला हवा, साध्या जुळ्यांत कमी. पन्नाशीच्या आत सुरू झालेल्या आजारात तसं दिसलं. पन्नाशीनंतर सुरू झालेल्या आजारात मात्र हुबेहूब जुळे आणि साधे जुळे यांत फारसा फरक नव्हता. आणि बहुतेकांना हा आजार पन्नाशीनंतरच होतो. म्हणजे ‘घराण्यात’ हे उत्तर फार तर थोड्यांना लागू पडतं. बाकीच्यांसाठी ते नुसतं तोंड बंद करायचं साधन आहे.

मग बाहेरून काय येतं? याचा धक्कादायक पुरावा १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात मिळाला. काही तरुण नशेखोरांना अचानक, काही दिवसांत, म्हाताऱ्यांसारखा कंपवात झाला. अंग लाकडासारखं ताठ, बोलता येईना. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला, तेव्हा कळलं की चोरून बनवलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन मिसळलं गेलं होतं. मेंदूत गेल्यावर त्याचं रूप बदलतं आणि ते नेमक्या त्याच डोपामिनच्या पेशी मारतं. म्हणजे एक रसायन धडधाकट तरुणाला कंपवात देऊ शकतं, हे त्या दिवसापासून वादाच्या पलीकडे गेलं.

आणि त्या मारक रूपाची रासायनिक रचना कशाशी मिळतीजुळती निघाली? पॅराक्वाट या तणनाशकाशी. पॅराक्वाट म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगायला नको. कृषी सेवा केंद्रात जाऊन “तण जाळायचं औषध द्या” म्हटलं की मिळणाऱ्या बाटल्यांत ते हमखास असतं. सकाळी मारलं की एक-दोन दिवसांत तण करपतं, म्हणून लोकांचं आवडतं. पेशीत शिरून ऑक्सिजनचं जाळणारं रूप तयार करायचं, हे त्याचं काम. तणाच्या पेशीत जे करतं, ते प्राण्याच्या पेशीत करणार नाही, असं त्याच्यावर कुठे लिहिलेलं नाही.

रचना सारखी दिसते म्हणून दोष सिद्ध होत नाही, हे मान्य. म्हणून माणसांवरचे अभ्यास बघू. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतल्या परवानाधारक फवारणाऱ्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला जातोय. त्यांच्यातल्या कंपवाताच्या रुग्णांची निरोगी लोकांशी तुलना केली. पॅराक्वाट वापरलेल्यांत कंपवाताचं प्रमाण न वापरलेल्यांच्या सुमारे अडीच पट निघालं. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं.

आणि आता ते दुसरं वाक्य : “आम्ही पण फवारतोय, आम्हाला काय झालं?”

याचं उत्तर त्याच माणसांच्या पुढच्या अभ्यासात आहे, २०१२ मधल्या. आपल्या शरीरात विषारी पदार्थ निकामी करून बाहेर टाकणारी काही एन्झाइम्स असतात. त्यातलं एक बनवणारं जनुक म्हणजे जीएसटीटी-१. गंमत अशी की जगभरात अनेक माणसांत हे जनुक जन्मतःच नसतं. त्यांना एरवी त्याचा पत्ताही लागत नाही. खातात, पितात, काम करतात. या अभ्यासात ज्यांच्यात हे जनुक शाबूत होतं, त्यांच्यात पॅराक्वाटमुळे वाढलेला धोका थोडासाच दिसला, सुमारे दीडपट. ज्यांच्यात ते जनुक नव्हतं आणि ज्यांनी पॅराक्वाट वापरलं, त्यांच्यात धोका सुमारे अकरा पट निघाला. रुग्ण शंभराच्या आतच होते, त्यामुळे अकरा हा आकडा काळ्या दगडावरची रेघ समजू नका. दिशा मात्र स्पष्ट आहे.

दुसरं उदाहरण क्लोरपायरीफॉसचं. हे नाव तर वाळवीपासून बोंडअळीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. कॅलिफोर्नियाच्या शेतीपट्ट्यात असं दिसलं की अशी औषधं शरीरात हळू तोडणारं पॉन-१ जनुकाचं रूप ज्यांच्यात आहे आणि ज्यांच्या आसपास हे औषध फवारलं जात होतं, त्यांच्यात कंपवाताचा धोका दुपटीहून जास्त होता. हे लोक फवारणारे असायलाच हवेत असं नव्हतं. शेताजवळ राहणं पुरेसं होतं.

समजलं का? “आम्हाला काय झालं” म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही. त्याचं जनुक त्याला वाचवतंय, एवढंच. तो आपली खात्री शेजाऱ्याच्या मेंदूवर लावतोय, हे मात्र चूक.

एक साधी गोष्ट घ्या. पावसात गावातल्या दहा घरांत एक घर गळतं. त्याचं छप्पर कच्चं होतं, हे खरं. पण पाऊसच नसता तर तेही घर गळलं नसतं. कंपवातात छप्पर म्हणजे जनुक. ते आईबापाकडून आलंय, बदलता येत नाही. पाऊस मात्र आपण दुकानातून विकत आणून पाडतोय, आणि सरकार त्याला परवाना देतंय. मग गळलं की “तुमचं छप्परच कच्चं” म्हणून त्याच घरवाल्याला दोष!

माझं म्हणणं सगळं याच्यावर उभं आहे. जनुक आणि विष मिळून आजार करतात हे कळल्यावर विषाची जबाबदारी वाढते. काही माणसं जन्मतः जास्त नाजूक आहेत हे माहीत झाल्यावर, धडधाकट माणसाला चालतं म्हणून ते सगळ्यांना चालेल, असं म्हणायची सोय उरत नाही. रस्त्यावरची गतीची मर्यादा पैलवानाकडे बघून ठरवत नाहीत. शाळेसमोर ती लेकरांकडे बघून ठरवतात.

यावर लगेच सांगितलं जातं की “सुरक्षित मात्रा” ठरवताना सगळा विचार केलेला असतो. असतो, कागदावर. जनावरांवरच्या प्रयोगात ज्या मात्रेला इजा दिसत नाही, तिला साधारणपणे शंभरनं भागतात. दहा पट जनावर आणि माणूस यांतल्या फरकासाठी, दहा पट माणसामाणसांतल्या फरकासाठी. पण हा सगळा हिशेब हातमोजे, मास्क, बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, चांगला नोझल आणि वाऱ्याची दिशा गृहीत धरून असतो. आता ऑक्टोबरच्या उन्हात आपल्या शिवारात चक्कर मारा. पंप पाठीवर गळतोय, सदरा ओला झालाय, चप्पल आहे किंवा तीही नाही. मजुरी पंपामागे ठरलेली, त्यामुळे जेवढे पंप मारील तेवढे पैसे. पाणी आणून देणाऱ्या, औषध कालवणाऱ्या बाया आहेत, त्यांच्या हाताला मोजे कुणी पाहिलेत? अमेरिकेतल्या त्या अकरा पटीच्या अभ्यासात हिशेब फक्त पुरुषांचा आहे. आपल्या बायांचा हिशेब तर कुठल्याच वहीत नाही.

२०१७ चा हंगाम आठवतोय ना? यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. विशेष तपास पथक नेमलं गेलं, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली. आणि चर्चा मात्र मजुरानं मास्क का घातला नाही, याच्यावर फिरत राहिली. ती विषबाधा त्याच दिवशी दिसली, म्हणून निदान बातमी तरी झाली. जे वीस वर्षांनी दिसणार आहे, त्याची बातमी कोण करणार? तेव्हा बाटली फेकलेली असेल, दुकानाचं बिल नसेल, शेतमालकाला मजुराचं नाव आठवणार नाही. आणि डॉक्टरच्या कागदावर ‘व्यवसाय : मजुरी’ एवढंच असेल.

आता सरकारकडे. पॅराक्वाटवर स्वित्झर्लंडनं १९८९ पासून बंदी घातली आहे. युरोपीय संघात २००७ मध्ये न्यायालयानं त्याची मंजुरी रद्द केली. चीननं २०१६ मध्ये देशातली द्रवरूप पॅराक्वाटची विक्री थांबवली. थायलंड आणि ब्राझीलनं २०२० मध्ये बंदी आणली. इंग्लंडचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे : तिथल्या शेतात वापरायला बंदी, पण हडर्सफील्डच्या कारखान्यात ते बनत राहिलं आणि जहाजात भरून परदेशी जात राहिलं. त्यांच्या शेतकऱ्याचा मेंदू वेगळा आणि बाहेरच्या शेतकऱ्याचा वेगळा, असं काही शास्त्र आहे का?

आपल्याकडे १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे. बाहेर बंदी असलेली पण इथे चालणारी ६६ औषधं तपासायला २०१३ मध्ये अनुपम वर्मा समिती नेमली गेली. २०२० मध्ये केंद्रानं २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात क्लोरपायरीफॉस होतं. पॅराक्वाट त्या यादीतही नव्हतं. पुढे त्या २७ पैकी प्रत्यक्ष बंदी आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांवर. त्याच वर्षी राज्यसभेत नवीन कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक मांडलं, ते वर्षानुवर्षं पडून राहिलं. आणि जुन्या कायद्यात राज्य सरकारला एखादं औषध थांबवायचा अधिकार आहे फक्त साठ दिवसांचा, फार तर आणखी तीस. साठ दिवस! वीस वर्षांत होणाऱ्या आजारासाठी!

तरीही केरळनं २०११ मध्ये पॅराक्वाटसह चौदा औषधं बंद करून दाखवली. मनात असलं की वाट निघते.

आता जे प्रामाणिक आक्षेप आहेत त्यांना उत्तर द्यायला हवं.

एक : “अजून सिद्ध झालेलं नाही.” खरं आहे की सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. काहींत पॅराक्वाटचा संबंध स्पष्ट दिसला, काहींत कमी किंवा दिसलाच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानंही पुरावा अपुरा म्हटलं आणि वापर चालू ठेवला. पण वर जे जनुकाचं सांगितलं, ते इथे परत लावून बघा. नाजूक आणि मजबूत, सगळ्यांना एकत्र मोजलं तर सरासरी पातळ होणारच. दीडपटवाले जास्त आणि अकरापटवाले कमी असतील, तर एकूण आकडा मवाळच दिसेल. सरासरीच्या आड मेलेला माणूस दिसत नाही. आणि ज्याला उतारा नाही, चुकून दोन घोट पोटात गेले तरी माणूस दिवसेंदिवस तडफडून मरतो, त्या रसायनाला संशयाचा फायदा कशासाठी द्यायचा?

दोन : “निंदायला मजूर मिळत नाहीत, तणनाशक बंद केलं तर शेतकरी मरेल.” हा खरा प्रश्न आहे आणि शहरात बसून तो उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. पावसाची झड लागली की डवरं शेतात जात नाही, तण कमरेला लागतं. पण श्रीलंकेनं २००८ पासून पुढच्या काही वर्षांत पॅराक्वाट टप्प्याटप्प्यानं बंद केलं, पिकांचं उत्पन्न कोसळलं नाही, आणि विष पिऊन होणारे मृत्यू घटले. (२०२१ मधली त्यांची रासायनिक खतबंदी हा वेगळा विषय आहे. कमेंटमध्ये ती आणू नका.) बंदीच्या जोडीला छोट्या निंदणी यंत्रावर खरंखुरं अनुदान, ते गावात भाड्यानं मिळायची सोय आणि निंदणाच्या दिवसांत रोजगार हमीचा आधार, हे मागणं आपलं काम आहे. रोजगार हमी जन्माला घातलेलं राज्य आहे हे.

तीन, हा अलीकडचा : “जनुक चाचणी करून घ्या, मग कळेल कुणाला धोका आहे.” म्हणजे हजारो रुपये मजुरानं भरायचे, आणि जनुक नाजूक निघालं तर कामही गमवायचं? विष तसंच राहणार आणि माणूस बदलायचा? चाचण्या संशोधनासाठी जरूर करा, सरकारी खर्चानं करा. पण एका बाटलीवर बंदी घालणं टळावं म्हणून लाखो माणसांचं रक्त तपासायची कल्पना मला उलट्या काळजाची वाटते.

आणि भरपाई? फ्रान्सनं २०१२ मध्ये कंपवात हा शेतीत कीटकनाशकं हाताळणाऱ्यांचा व्यावसायिक आजार म्हणून मान्य केला. दहा वर्षं असं काम केल्याचं दाखवलं, की भरपाईचा हक्क. “तुझ्याच जनुकामुळे झाला नाही हे सिद्ध कर” असं तिथल्या शेतकऱ्याला कुणी म्हणत नाही. जर्मनीतल्या सरकारी तज्ज्ञ समितीनंही २०२४ मध्ये तोच रस्ता धरला. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत फवारणीची विषबाधा येते, मृत्यूला दोन लाख मिळतात, हे चांगलंच आहे. पण ती सातबारावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. रोजानं पंप मारणाऱ्या भूमिहीन मजुराचं काय? आणि हळूहळू वीस वर्षांत आलेला कंपवात ‘अपघात’ या शब्दात बसणार तरी कसा?

म्हणून मागण्या साध्या आहेत :

१. पॅराक्वाटवर केंद्रानं कायमची बंदी आणावी. तोवर राज्यानं ऐन फवारणीच्या हंगामात आपला साठ दिवसांचा अधिकार तरी वापरावा.

२. सरकारी रुग्णालयांत कंपवाताच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर आयुष्यभराच्या कामाची नोंद व्हावी : फवारणी केली का, किती वर्षं, कोणती औषधं, घर शेताला लागून होतं का. याला यंत्रं लागत नाहीत, चार प्रश्न लागतात.

३. कीटकनाशकं हाताळणाऱ्यांचा कंपवात हा व्यावसायिक आजार मानावा, आणि शेतमजुराला, त्यातल्या बायांसकट, भरपाईचा हक्क द्यावा.

४. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी कापूस आणि द्राक्ष पट्ट्यातल्या फवारणाऱ्यांचा जनुकांसह दीर्घ अभ्यास करावा. अमेरिकेच्या शेतकऱ्याचे आकडे आपण किती दिवस उसने वापरणार?

येत्या ग्रामसभेत पहिल्या दोन मागण्यांचा ठराव मांडता येतो. ठराव एका पानाचा असतो, लिहायला मी मदत करीन. तालुका कृषी अधिकारी आणि आमदारांना त्याची प्रत जाऊ द्या. आणि ज्यांच्या घरी कंपवाताचं माणूस आहे, त्यांनी एवढं आजच करा : त्यांना अजून बोलता येतंय तोवर त्यांच्याजवळ बसून, कोणाच्या शेतात, किती हंगाम, कोणतं औषध मारलं, ते वहीत उतरवून ठेवा. सरकारनं नाही ठेवलं, तर निदान आपल्याकडे तरी लिहिलेलं असेल.